टाळेबंदीत वाचनालय कसं चालवावं: कोकण किनाऱ्यावरच्या छोट्या गावांसाठी

महाराष्ट्रात १३ मार्च २०२० ला साथरोग अधिनियम, १८९७ लागू झाला, २२ तारखेला जनता कर्फ्यू पाळला गेला, २३ ला संचारबंदी आली आणि २५ पासून देशभर टाळेबंदी. राज्यातल्या ग्रंथालयांना दारं उघडायची परवानगी मिळाली ती थेट १५ ऑक्टोबरला. म्हणजे कोकणातला अख्खा पावसाळा कुलपाआड गेला. मध्ये ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगड आणि दापोली-मंडणगड भागाला झोडपून गेलं, ऑगस्टात गणपती आले आणि गेले, आणि कपाटातली पुस्तकं दमट हवेत तशीच उभी राहिली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’ या नावानं निर्बंधांचे आदेश आले आणि पुन्हा तेच.

मी किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. हा लेख आमच्यासारख्याच वाचनालयांसाठी आहे: एक ग्रंथपाल, एक शिपाई, कार्यकारी मंडळात बरेचसे निवृत्त शिक्षक, कौलारू किंवा पत्र्याची इमारत, आणि सभासद चार-पाच वाड्यांत विखुरलेले. मोठ्या शहरातल्या ग्रंथालयांनी त्या काळात ॲप काढली, ऑनलाइन व्याख्यानमाला केल्या. आपल्याकडे ते तसंच्या तसं चालत नाही. माझं ठाम मत असं की बंद काळात आधी माणसांची यादी हातात घ्यावी, मग पुस्तकं, आणि इंटरनेट सर्वांत शेवटी. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमानं मांडल्या आहेत.

ठराव आधीच करून ठेवा

मार्च २०२० मध्ये तयारीला दोन-तीन दिवससुद्धा मिळाले नाहीत. म्हणून हे काम वाचनालय उघडं असताना, सवडीनं करायचं. कार्यकारी मंडळाच्या सभेत एक कायमचा आपत्कालीन ठराव मंजूर करून इतिवृत्तात नोंदवून घ्या. त्यात निदान एवढ्या गोष्टी हव्यात: शासनाच्या आदेशानं वाचनालय बंद झालं तर तेवढ्या काळाचा विलंब आकार आपोआप माफ, बाहेर गेलेल्या पुस्तकांची मुदत उघडण्याच्या तारखेपर्यंत वाढलेली, इमारतीच्या देखभालीसाठी आठवड्यातून एकदा कोणी आत जायचं त्याचं नाव, दुसरी किल्ली कोणाकडे, आणि सभा न बोलावता ग्रंथपाल व कार्यवाह मिळून किती खर्च करू शकतात ती मर्यादा. हा शेवटचा मुद्दा अनेक ठिकाणी राहून जातो. मग छपरावर ताडपत्री टाकायची तरी अध्यक्षांची सही हवी, आणि अध्यक्ष मुंबईला मुलाकडे अडकलेले.

बंदची कुणकुण लागली की त्याच दिवशी देवघेवीची मर्यादा उठवा. एरवी एक पुस्तक देत असाल तर पाच द्या. कपाटात कोंडून राहण्यापेक्षा पुस्तक वाचकाच्या घरी जास्त सुरक्षित असतं, विशेषतः जून ते सप्टेंबर.

सभासद नोंदवही हेच खरं भांडवल

बहुतेक नोंदवह्यांत सभासदाचं नाव, पत्ता, अनामत आणि वर्गणीचा हिशोब असतो. बंद काळात उपयोगी पडतील असे रकाने त्यात नसतात. आजच ते वाढवा: चालू फोन नंबर, घरातल्या दुसऱ्या कोणाचा तरी नंबर, वाडी, घरात आणखी कोण वाचतं, वाचनाची आवड, आणि ‘मोठा टाइप हवा’ अशी खूण. टाळेबंदीत चष्म्याची दुकानंही बंद होती. काच तडकलेल्या चष्म्यानं बारीक अक्षरातली कादंबरी वाचवत नाही, हे तेव्हा कित्येक घरांतून कळलं.

मग फोन लावायला बसायचं. रोज थोडे, सकाळी कामं आटोपल्यावरच्या वेळात. सुरुवात एकट्या राहणाऱ्या वयस्कर सभासदांपासून करा. आपल्या गावांत घरटी कोणी ना कोणी मुंबईला, आणि म्हातारी माणसं मागे एकटी, हे चित्र सगळीकडे आहे. त्यांना मुलांचे फोन येतात. पण वाचनालयातून आलेल्या फोनची गोष्ट वेगळी, कारण त्यात त्यांच्या आवडीचं काहीतरी विचारलं जातं.

‘पुस्तक हवंय का?’ असं सरळ विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: ‘नको गो बाय, कशाला तुला त्रास.’ आमच्या एका आजींनी फोनवर हेच सांगितलं. मग त्यांनी रेशनवर तांदूळ आला का ते विचारलं, मुंबईच्या गाड्या कधी सुरू होतील ते विचारलं, पायाच्या दुखण्याबद्दल सांगितलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, ‘ते मागच्या खेपेला नेलेलं दोन भागांचं होतं ना, त्याचा दुसरा भाग कोणी नेलाय का?’ हवं ते असं शेवटी येतं. तेवढा वेळ धीर धरून फोन कानाला ठेवावा लागतो. विचारायचंच तर ‘मागचं कसं वाटलं?’, ‘सध्या घरात कोण कोण आहे?’, ‘संध्याकाळी काय करता?’ असं विचारा. उत्तरं तिथल्या तिथे नोंदवहीत लिहा.

फोन करताना औषध संपलंय, गॅस संपलाय, पेन्शन काढायला बँकेत जाता येत नाही असंही कानावर येईल. ते सोडवणं आपलं काम नाही, पण योग्य माणसापर्यंत पोचवणं आहे. ग्राम कृती दल, आशा ताई, पोलीस पाटील, मेडिकल दुकान यांचे नंबर शेजारी लिहून ठेवा. एक पथ्य मात्र कडक पाळा: कोण आजारी, कोण तपासणीला गेलं, कोणाचा अहवाल काय आला, यातला एक शब्दही दुसऱ्या फोनवर बोलायचा नाही. छोट्या गावात एका वाक्यानं आख्खं घर वाळीत पडल्यासारखं होतं. वाचनालयावर लोकांचा विश्वास आहे म्हणून ते बोलतात. तो विश्वास एकदा गेला की पुन्हा मिळत नाही.

परवानगी लेखी घ्या

पुस्तकं अत्यावश्यक वस्तूंच्या यादीत नव्हती. एप्रिल २०२० मध्ये केंद्रानं विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक पुस्तकांची दुकानं उघडू दिली, पण त्यात ग्रंथालयं आली नाहीत. त्यामुळे उत्साहाच्या भरात पिशव्या घेऊन निघू नका. नगरपंचायत असेल तर मुख्याधिकारी, नाहीतर तहसीलदार, आणि गावपातळीवर सरपंच यांना एक पानी अर्ज द्या, प्रत जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना. अर्जात मोघम लिहू नका. कोण माणूस, कुठल्या वारी, कुठल्या वाडीत, किती वाजता, मास्क आणि अंतराची काय व्यवस्था, हे स्पष्ट मांडा. देखभालीसाठी इमारत उघडण्याची परवानगी वेगळी मागा. ती लवकर मिळते, आणि पावसाळ्यात तीच जास्त महत्त्वाची. घरपोच देण्याला नकार आला तर नकार पाळा आणि तोवर फोन, फळा आणि इमारत ही तीन कामं चालू ठेवा.

पिशवी

परवानगी मिळाली की मार्ग आखा. सभासदांची नावं अकारविल्हे न लावता वाडीवार लावा: एका वाडीला नोंदवहीचं एक पान. प्रत्येक वाडीत एक जबाबदार माणूस शोधा, जो तसाही दूध, रेशन किंवा भाजीसाठी बाजारात येतोच. त्याची फेरी वाढत नाही आणि आपली वाचते. आशा ताईंना आणि अंगणवाडी सेविकांना या कामाला लावू नका. त्यांच्यावर आधीच कामाचा डोंगर असतो. खाडीपलीकडच्या वाडीसाठी तर, म्हणजे पलीकडे नेणारी होडी, चालू आहे का ते आधी विचारा. ती बंद असली तर रस्त्यानं वळसा घालून पुस्तकं पाठवण्यापेक्षा पलीकडे राहणाऱ्या एखाद्या सभासदाकडे महिनाभराचा मोठा गठ्ठा ठेवून द्यावा.

पिशवी कापडी, जुन्या चादरीची किंवा साडीची चालते. आत पावसासाठी जाड प्लास्टिकची पिशवी. पिशवीवर नाव न घालता सभासद क्रमांक घाला. आत चार पुस्तकं: एक त्यांनी मागितलेलं, एक त्याच वळणाचं, एक घरातल्या दुसऱ्या माणसासाठी किंवा मुलासाठी, आणि एक जुना दिवाळी अंक. दिवाळी अंकांना कमी लेखू नका. प्रत्येक वाचनालयात वर्षानुवर्षांचे अंक माळ्यावर पडलेले असतात, आणि एकाच अंकात कथा, लेख, कविता, भविष्य, व्यंगचित्रं असं घरातल्या सगळ्यांना पुरेल इतकं असतं. मुदत महिन्याची ठेवा.

सोबत एका चिठ्ठीवर पुस्तकांचे दाखल क्रमांक (नोंदवहीतले) आणि नावं लिहा, तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि देवघेव नोंदवहीत ‘घरपोच’ असं स्वतंत्र पान उघडून नोंद करा. सभासदाची सही मागू नका. पोचल्याचा फोन आला की तारीख घालायची. पिशवी गडग्याशी, पडवीत किंवा सांगतील तिथे ठेवून दोन पावलं मागे उभं राहायचं. एवढ्यातही दोन शब्द बोलणं होतं, आणि ते व्हायलाच हवं.

संदर्भग्रंथ, दुर्मीळ पुस्तकं आणि स्थानिक इतिहासाच्या एकुलत्या एक प्रती पाठवायच्या नाहीत. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आठवड्याच्या मुदतीनं फिरती ठेवा, नाहीतर ती एकाच घरात अडकतात आणि अभ्यासिकेतली बाकीची मुलं हात चोळत बसतात.

परत आलेल्या पुस्तकांचं काय करावं

सुरुवातीला सगळ्यांना पुस्तकाच्या स्पर्शाची धास्ती होती. अमेरिकेत २०२० मध्ये ग्रंथालयांसाठी मुद्दाम प्रयोगशाळेत चाचण्या झाल्या. पुस्तकं सुटी सुटी ठेवली तर तीन दिवसांनी कोरोनाचा विषाणू सापडेनासा होत होता. पण एकावर एक रचून ठेवली तर सहा दिवसांनंतरही काही नमुन्यांत सापडत होता. त्यामुळे तेव्हा आलेलं पुस्तक वेगळं ठेवण्याची रीत सगळीकडे पडली. पुढे स्पष्ट झालं की हा आजार मुख्यतः हवेतून पसरतो आणि वस्तूंना हात लावल्यानं लागण होण्याची शक्यता फार कमी आहे. एप्रिल २०२१ पर्यंत अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानंही तसं सांगितलं.

यातून पुढच्या वेळेसाठी काय घ्यायचं? पहिला प्रश्न नेहमी एकच: हा आजार पसरतो कसा? तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा आणि त्याप्रमाणे पद्धत ठरवा. हवेतून पसरत असेल तर पुस्तकं पुसत बसण्यापेक्षा खिडक्या उघड्या ठेवणं, मास्क आणि गर्दी टाळणं हे कितीतरी मोलाचं. ठाऊक नसेल तोवर सावधगिरी म्हणून तीन दिवस वेगळं ठेवा. त्यासाठी वाचन कक्षातली टेबलं वापरा: एका वाराला एक टेबल, पुस्तकं सुटी, एकमेकांना न टेकता, आणि कडेला चिठ्ठी, ‘सोमवारी आली, शुक्रवारी आत’. गठ्ठा करायचा नाही.

काय करू नये तेही सांगते, कारण हे मी होताना पाहिलं आहे. पुस्तकांवर सॅनिटायझर फवारू नका. शाई पसरते, मुखपृष्ठाची चकाकी जाते, बांधणीचा डिंक सुटतो. जंतुनाशकाचं पाणी फरशीला आणि टेबलाला, कागदाला नाही. ओल्या फडक्यानं पुसणं तर आपल्या हवेत बुरशीला आमंत्रण.

पावसाळा: कोकणातल्या वाचनालयाचं खरं संकट

इथे मी जरा जास्त थांबणार आहे. साथ ओसरते आणि वाचक परत येतात, पण चार महिने हवा न लागलेलं कपाट परत मिळत नाही.

मे महिन्यात घरोघरी आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी होते तशी वाचनालयाचीही करा. कौलं शाकारून घ्या, पन्हळीतला पाला काढा, ज्या खिडक्यांतून झड आत येते त्यांना बाहेरून झापं किंवा ताडपत्री बांधा. भिंतीला टेकलेली कपाटं वीतभर पुढे ओढा, कारण चिऱ्याची भिंत पावसात ओल धरते आणि कपाटाची मागची बाजू तिच्याबरोबर भिजते. सर्वांत खालचा कप्पा रिकामा करा. खाडीकाठी किंवा सखल भागात असाल तर खालचे दोन. विजेचं मुख्य बटण बंद करण्याआधी वायरी उंदरांनी कुरतडल्या नाहीत ना ते पाहा.

मग आठवड्यातून एकदा, पावसानं उघडीप दिली असेल तेव्हा, आत जायचं. उघडीप महत्त्वाची: धो धो पाऊस पडत असताना खिडक्या उघडल्या तर बाहेरची ओल आत येते. आधी पंखे लावा, मग कपाटांची दारं उघडा. लोखंडी कपाटं सर्वांत फसवी. बाहेरून कोरडी ठणठणीत दिसतात आणि आत ओल कोंडलेली असते. जुलैत असं कपाट उघडलं की आधी वास येतो, मातीचा आणि शिळ्या पिठाचा मिळून. मग कापडी बांधणीवर, विशेषतः लाल आणि काळ्या पुठ्ठ्यांवर, पांढरी-हिरवी लव दिसते. बोट लावलं तर पावडरीसारखी उडते.

ती लव खोलीत झटकू नका. मास्क लावा, पुस्तक वेगळ्या टोपलीत घालून पडवीत न्या आणि कोरड्या मऊ ब्रशनं, आपल्यापासून दूर अशा दिशेनं, हलक्या हातानं काढा. मग पुस्तक उभं करून पानं पंख्यासारखी उघडी ठेवा आणि वाऱ्यावर सुकू द्या. कडक उन्हात घालू नका, पुठ्ठे वाकतात आणि रंग उडतो. बुरशी आलेली पुस्तकं निदान दोन आठवडे इतर पुस्तकांपासून दूर ठेवा. कपाट आतून कोरड्या फडक्यानं पुसा आणि पूर्ण सुकल्याशिवाय भरू नका. पुस्तकं खच्चून भरू नका; मधे बोट जाईल एवढी फट हवी, म्हणजे हवा खेळते.

डांबरगोळ्यांचा भरवसा फार धरू नका. त्यांनी कसर आणि झुरळं दूर राहतात, बुरशी थांबत नाही. कडुलिंबाचा पाला घालायचा तर तो खडखडीत वाळलेलाच घाला, ओला पाला उलट ओल वाढवतो. वाळवीसाठी दर आठवड्याला कपाटाच्या मागे आणि चौकटीच्या कडेनं मातीची बारीक रेघ वर चढताना दिसते का ते बॅटरी घेऊन पाहा. दिसली तर त्या कपाटातली पुस्तकं लगेच बाहेर काढून वाळवीवाल्याला बोलवा. रेघ पुसून टाकली म्हणजे वाळवी गेली असं नाही.

चक्रीवादळात किंवा पुरात पुस्तकं भिजली तर हातात साधारण दोन दिवस असतात, त्यानंतर बुरशी धरायला लागते. भिजलेलं पुस्तक उघडून पानं सोडवायचा प्रयत्न करू नका, ओला कागद हातात येतो. बाहेरून पाणी टिपून घ्या, अधूनमधून कोरे कागद घाला, ते ओले झाले की बदला, पंखा चालू ठेवा. छापील वर्तमानपत्र वापरू नका, शाई उतरते. गुळगुळीत कागदाची पुस्तकं आधी घ्या, कारण ती वाळताना पानं एकमेकांना कायमची चिकटतात. पुस्तकं फार असतील आणि हात थोडे, तर ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून गोठवून ठेवणं हा जगभर वापरला जाणारा उपाय आहे. त्यानं बुरशी थांबते आणि सवडीनं थोडी थोडी सुकवता येतात. आपल्या किनाऱ्यावर मासळीची शीतगृहं आहेत. एखाद्या मालकाशी आधीच बोलून ठेवा, गरज पडली तर एक कोपरा मिळेल का म्हणून.

दारातला फळा

संकटात अफवा पुस्तकांपेक्षा वेगानं फिरतात. १८ एप्रिल २०२० ला राज्य सरकारनं वर्तमानपत्रं छापायला मुभा दिली पण घरोघरी वाटायला मनाई केली. नेमकं खात्रीच्या बातमीची गरज असताना गावात पेपर येईना, आणि मोबाइलवर येईल ते खरं वाटू लागलं. अशा वेळी वाचनालयाच्या दाराबाहेरचा फळा फार काम करतो.

फळ्यावर कमी लिहा, खात्रीचं लिहा, आणि प्रत्येक ओळीपुढे कोणाकडून कळलं आणि कधी ते लिहा: ‘रेशन दुकान उद्या सकाळी ८ ते ११. तलाठी कार्यालय, आज दुपारी.’ जुनी ओळ त्याच दिवशी पुसा. अक्षर रस्त्यावरून वाचता येईल इतकं मोठं, म्हणजे फळ्यासमोर गर्दी होत नाही. पेपर मिळत असेल तर पानं सुटी करून बाहेरच्या भिंतीवर लांब लांब लावा.

लसीकरणाच्या वेळी हेच काम वाढलं. १ मार्च २०२१ पासून साठीच्या वरच्यांना, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या वरच्यांना आणि १ मेपासून अठराच्या वरच्या सगळ्यांना लस खुली झाली. नोंदणी सरकारच्या को-विन संकेतस्थळावर होती आणि तेव्हा एका मोबाइल क्रमांकावर चार जणांची नोंद होत असे. घरात साधा फोन असलेल्या माणसानं करायचं काय? वाचनालयाच्या खिडकीत एक टेबल, एक स्मार्टफोन आणि एक शांत मुलगी किंवा मुलगा बसवला की वाडीच्या वाडी नोंदवून होते. त्यात काळजी दोनच: ओटीपी त्या माणसाच्या समोरच घालायचा, आणि आधार कार्डाची प्रत किंवा फोटो आपल्याकडे ठेवायचा नाही.

मोबाइल आणि फुकट मिळणारी पुस्तकं

इंटरनेट शेवटी ठेवलं याचं कारण कोकणातल्या माणसाला सांगायला नको. निसर्गनंतर अनेक गावांत वीज आणि रेंज यायला कित्येक आठवडे गेले, आणि एरवीही मुलं रेंजसाठी सड्यावर, म्हणजे गावावरच्या उंच माळावर, जाऊन बसत होती. तरी जिथे शक्य आहे तिथे मोबाइलचा उपयोग करावाच.

व्हॉट्सॲपवर गट करण्यापेक्षा ब्रॉडकास्ट यादी बरी. गटात सुप्रभात आणि अफवा सुरू होतात, यादीत फक्त वाचनालय बोलतं. पण ज्यांनी वाचनालयाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो, म्हणून पिशवीतल्या चिठ्ठीवर तसं ठळक लिहा.

कायद्यानं मोफत मिळणारं मराठी वाचन भरपूर आहे. मराठी विश्वकोशाच्या नोंदी, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं, बालभारतीची पाठ्यपुस्तकं, मराठी विकिस्रोत, प्रथम बुक्सच्या स्टोरीविव्हरवरच्या मुलांच्या गोष्टी, आयआयटी खरगपूरनं चालवलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय. नुसते दुवे पाठवू नका, ते कोणी उघडत नाही. रेंज असेल तिथे बसून एक एक फाइल उतरवून घ्या, दोन ओळींत काय आहे ते लिहा आणि मग पाठवा. ज्यांना फाइल येत नाही त्यांना मेमरी कार्डवर भरून पिशवीतून द्या.

नव्या पुस्तकांच्या चोरट्या पीडीएफ मात्र वाचनालयाच्या नंबरवरून कधीच पुढे जाऊ नयेत. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं स्वामित्वहक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांसाठी मोकळं आहे. पण आजच्या लेखकाचं पुस्तक फुकट वाटणं म्हणजे त्याच्या ताटातलं काढून घेणं. ज्या प्रकाशकांकडून आपण सवलतीत पुस्तकं घेतो तेही त्या काळात तोट्यात होते.

मुलं आणि शाळेत राहिलेले चाकरमानी

ऑनलाइन वर्ग ज्यांना मिळाले नाहीत त्या मुलांसाठी पिशवीत गोष्टीचं पुस्तक, कोरी वही आणि एक छोटंसं काम द्या: वाचलेल्या गोष्टीचं चित्र काढ, आजीकडून एक म्हण विचारून लिही, आपल्या आगरातल्या झाडांची नावं लिही. पुढच्या फेरीला वही परत घ्या, वाचा, आणि काहीतरी लिहून परत पाठवा. त्या लिहून पाठवण्यावर मुलांचा फार जीव असतो. चांगली पानं जमवून हस्तलिखित अंक करता येतो. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली होती; असं काही असेल तर त्याच्या वेळा चिठ्ठीवर लिहून द्या. गेल्या इयत्तेची पाठ्यपुस्तकं एका घरातून दुसऱ्या घरात पोचवणं हेही वाचनालयानंच करावं.

मे २०२० मध्ये मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना कित्येक गावांत शाळेत वेगळं राहावं लागलं. चौदा दिवस, चार भिंती, आणि गावाची घाबरलेली नजर. त्यांना वाचायला पाठवा. मात्र दाखल नोंदवहीत चढलेली पुस्तकं तिथे देऊ नका. जुनी मासिकं, दुबार आलेले दिवाळी अंक, देणगीत आलेली पण अजून दाखल न केलेली पुस्तकं द्या आणि परत मागू नका. आपल्याच गावचं माणूस दाराशी आल्यावर त्याला परकं वाटू नये, एवढी जबाबदारी वाचनालयाचीही आहे.

पैसा आणि कागद

बंद काळात वर्गणी येत नाही आणि परिरक्षण अनुदानाचा हप्ता कधी येईल याचा भरवसा नसतो. मंडळानं पहिलं पाहायचं ते ग्रंथपाल आणि शिपायाचं मानधन. तीन महिन्यांच्या मानधनाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात राखून ठेवा. गावाबाहेर असलेल्या सभासदांना आणि माजी विद्यार्थ्यांना नेमकं काम सांगून मदत मागा: छपराची ताडपत्री, पिशव्या, फोनचा खर्च. प्रत्येकाला पावती द्या आणि हिशोब फळ्यावर लावा. वर्गणी थकली म्हणून कोणाचं पुस्तक अडवू नका.

घरपोच दिलेली पुस्तकं, केलेले फोन, नोंदवलेली नावं यांची रोजच्या रोज नोंद ठेवा. वार्षिक अहवालात आणि जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे पाठवायच्या माहितीत ती जायला हवी, नाहीतर कागदोपत्री वाचनालय सहा महिने झोपलेलं दिसतं. शिवाय एक फाइल त्या काळाची करा: ग्रामपंचायतीच्या नोटिसा, ई-पास, हस्तपत्रकं, मुलांच्या वह्यांतली पानं, फोटो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ चं. प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएन्झा या वाचनालयांच्या हयातीत येऊन गेला. आपल्या गावात या साथीत काय झालं ते पन्नास वर्षांनी कोणी विचारलं तर उत्तर वाचनालयात मिळालं पाहिजे.

दार उघडताना

परवानगी आली म्हणून दुसऱ्याच दिवशी सगळं खुलं करू नका. आधी दोन दिवस इमारत झाडून, हवा लावून घ्या आणि कपाटवार पुस्तक मोजणी करा. बुरशीची आणि हरवलेली वेगळी लिहा. पहिले काही आठवडे देवघेव खिडकीतूनच ठेवा. सकाळचा पहिला तास ज्येष्ठांसाठी राखा. अभ्यासिकेत एका बाकावर एक मुलगा, खिडक्या उघड्या, वेळ दोन पाळ्यांत.

उशिरा आलेल्या पुस्तकाबद्दल एक शब्दही बोलू नका. नुसतं घ्या आणि नवं द्या. ज्या घरांत माणूस गेलं आहे तिथून पुस्तक मागायला फोन करू नका. ते लोक आपणहून आणून देतात, आणि नाही दिलं तर मंडळाच्या सभेत निर्लेखित करून, म्हणजे नोंदवहीतून कमी करून, टाका.

घरपोच पिशवी बंद करू नका. पाखाडी चढवत नाही, एस.टी. वेळेवर नाही, दिसायला कमी झालंय, असे सभासद साथ नसतानाही घरीच असतात. त्यांची नावं ‘घरपोच’ पानावर तशीच राहू द्या, वाडीवारचा माणूस तोच ठेवा, आणि फेरीसाठी महिन्यातला एक वार कायमचा ठरवून फळ्यावर लिहा.